होल्स्टर कुणाच्या हातचं

गल्लीत तिला सगळे पट्टेवाल्या ताई म्हणत, आणि नव्या माणसाचा त्या नावानं हमखास घोटाळा व्हायचा. एका नव्या पोस्टमननं तिला कुठल्याशा कचेरीतली शिपाई समजून "साहेब आहेत का आत?" असं विचारलं होतं. तिनं हातातली चामडं कापायची रापी खाली न ठेवता सांगितलं, "साहेब मीच, शिपाई मीच आणि झाडूवालीही मीच. बोला, काय आणलंय?"

ती पट्टे शिवायची, एवढाच त्या नावाचा अर्थ. कमरेचे, बॅगांचे, घड्याळांचे, शिवणयंत्राच्या चाकावरचे, आणि एकदा तर एका म्हाताऱ्या वादकाच्या अकॉर्डियनचे. बासष्ट वर्षांची झाली तरी सुईत दोरा पहिल्या फटक्यात जायचा. तिचा नवरा बस चालवून निवृत्त झालेला. त्याला गल्ली ड्रायव्हरसाहेब म्हणायची. तो दुपारी दुकानात येऊन बसायचा, चहा करायचा आणि गिऱ्हाइकांशी इतक्या गप्पा मारायचा की माणसं पट्टा विसरून घरी जायची.

दुकान तिच्या वडिलांचं. दारावर त्यांच्या हातची पाटी होती: 'इथे हत्यारांचं काम होत नाही.' ही पाटी गावात प्रसिद्ध होती, आणि तिच्यामुळे बाबाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी गावानं वाईट दिवस पाहिले होते. नऊ वर्षं माणसं घरातून उचलली जात. उचलणारे गुप्त खात्याचे लोक साध्या वेशात असत, पण भर उन्हाळ्यातही अंगात कोट. कोटाखाली रिव्हॉल्वर असायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लोक त्यांना कोटवाले म्हणत. त्या दिवसांत बाबांनी ही पाटी लावली. गावातल्या बाकीच्या दोन कारागिरांनी कोटवाल्यांची कामं घेतली, बाबांनी घेतली नाहीत, असं सगळे सांगत.

आणि याच पाटीपायी घरातला मुलगा गेला. तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा दादा बाबांच्या शेजारच्या पाटावर बसून काम करायचा. एक दिवस शेजारच्या शिंप्यानं दुकानात डोकावलं आणि त्याला दादाच्या पाटाखाली अर्धवट शिवलेलं होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्वरचं चामडी म्यान, दिसलं. शिंप्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. गल्लीभर झालं. बाबांनी दादाला सगळ्यांसमोर दुकानातून बाहेर काढलं. "माझ्या छपराखाली राहून माझ्याच पाठीत सुरी खुपसलीस," असं ते म्हणाले होते. ती एकोणीस वर्षांची होती, टायपिंगच्या क्लासला जायची. दादानं तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिनं मान फिरवली. पुढच्याच आठवड्यात तिनं टायपिंग सोडलं आणि दादाच्या रिकाम्या पाटावर जाऊन बसली. बाबांना एकटं कसं सोडायचं?

पहिलं वर्ष तिचा हात वळत नव्हता. चामड्याच्या कापट्यांवर ती ठोकणीनं पानांची वेल उठवायला शिकत होती. बाबा चष्मा वर करून बघायचे आणि म्हणायचे, "बारके, हे पान आहे की उताणं पडलेलं झुरळ?" मग ती चिडून आणखी झुरळं काढायची. आई आत स्वयंपाकघरात असायची, तिला मात्र या विनोदावर कधी हसू आलं नाही. ती चार वर्षांत गेली, फारसं कुणाशी न बोलता.

वाईट दिवस संपल्यावर गावानं बाबांचा जाहीर सत्कार केला. मानपत्र वाचायचा मान लेकीला मिळाला. 'पोटच्या पोरालाही माफी न देणारा निर्भय कारागीर' हे वाक्य तिनं खणखणीत आवाजात वाचलं, आणि टाळ्या थांबेनात म्हणून पुन्हा वाचलं. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे होऊन, बारा वर्षांमागे, झोपेतच गेले. अर्धं गाव आलं होतं.

हे सगळं असं होतं, आणि ताईचं त्यावर छान चाललं होतं.

मग संग्रहालयातली नोंदणीबाई आली. जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत त्या नऊ वर्षांवरचं दालन उघडायचं होतं. नोंदणीबाई तरुण, काटेकोर, प्रत्येक वाक्य बोलून झालं की वहीत खूण करणारी. तिनं टेबलावर पांढरं कापड अंथरलं, हातमोजे घातले आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक काळपट, आकसलेली वस्तू काढून ठेवली.

"एका कुटुंबानं दिलंय. आजोबा कोटवाल्यांत होते म्हणे. आम्हाला एवढंच हवंय, हे नक्की काय आहे आणि कुठलं आहे. यादीत सध्या 'परदेशी बनावट' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय."

"प्रश्नचिन्ह काढायचं म्हणता?"

"जमलं तर."

ताईनं वस्तू उलटसुलट केली. हत्यारांचं काम तिनं जन्मात केलं नव्हतं, पण चामडं बघितलं की ते कशासाठी कापलंय हे तिला दिसायचं. "हे खांद्यात अडकवायचं होल्स्टर," ती म्हणाली. "हा मोठा फास डाव्या खांद्यात जातो. पिशवी काखेखाली येते. हा अरुंद पट्टा पाठीवरून दुसऱ्या बाजूला, म्हणजे चालताना हलू नये. माणूस उजव्या हाताचा. डावरा असता तर सगळं उलट असतं."

"आणि रिव्हॉल्वरचंच कशावरून? पिस्तूल असेल."

"इथं बोट लावा. फुगवटा लागतोय ना? गोल. रिव्हॉल्वरची गोळ्यांची चकरी इथं बसायची. चामडं ओलं करून, आत हत्यार ठेवून, वरून दाबून वाळवलंय. पिस्तूल चपटं असतं, त्याला असा फुगवटा कशाला येईल?" तिनं नळीच्या भागावर चार बोटं आडवी ठेवली. "नळी चार बोटांची. आणि पुढची कड बघा, शिवलेलीच नाही. आत पोलादाची पट्टी आहे, स्प्रिंगसारखी. हत्यार वर उपसायचं नाही, पुढे ओढायचं. कोटाखाली हात वर न्यायला जागा कुठे असते?"

नोंदणीबाई भराभर लिहीत होती. ड्रायव्हरसाहेबांनी चहाचा कप पुढे केला आणि बायकोकडे असं पाहिलं, की बघा, आमची ही काय चीज आहे.

"परदेशी नाही पण," ताई म्हणाली. "परदेशी माल यंत्रावर शिवलेला असतो. हे हातचं आहे. आरीनं भोकं पाडून, मेणाच्या दोऱ्यानं, दोन सुयांनी. इथलंच कुणीतरी..."

ती थांबली. दोरा कुठे संपलाय ते ती सवयीनं शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं. प्रत्येक कारागिराचा दोरा कुठेतरी संपतो. कुणी गाठ मारतो, कुणी टोक जाळतो. इथं शेवटचे तीन टाके उलटे घेऊन टोक दोन थरांच्या मध्ये ओढून घेतलं होतं. दोरा संपल्याचं गिऱ्हाइकाला दिसता कामा नये, हे तिनं रोज ऐकलं होतं. तिनं भिंग घेतलं. मागच्या बाजूनं टाके उलट्या दिशेला कललेले. बाबांच्या उजव्या तर्जनीचं पहिलं पेर यंत्रात गेलं होतं. ते आरी अंगठा आणि मधल्या बोटात धरायचे, म्हणून त्यांचं भोक तिरपं पडायचं. अख्ख्या गावात तसं भोक दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

"काय झालं?" नोंदणीबाईनं विचारलं.

"काही नाही. उजेड कमी आहे."

दादाचं असणार, तिनं मनाशी ठरवलं. दादा बाबांच्याच हाताखाली शिकला, बाबांची नक्कल करायचा. त्या दिवशी पाटाखाली सापडलं तेच नसलं तरी त्याच्या आधीचं एखादं. मात्र दादा शिवणीत कच्चा होता, त्याचं कौशल्य कापण्यात, आणि तो गाठ मारून मोकळा व्हायचा. हे आठवलं तसं तिनं बाजूला सारलं.

गंजानं फुगून पोलादी पट्टीजवळची शिवण आपोआप उसवली होती. "आत बघू का?" तिनं विचारलं. नोंदणीबाईनं बॅटरी धरली आणि चिमटा दिला. पट्टी चामड्याला घासू नये म्हणून आत अस्तरासारखी एक कापटी घातली होती. उरलेल्या तुकड्यांतली, कुणाला दिसणार नाही म्हणून कसलीही. ताईनं चिमट्यानं ती अर्धा इंच बाहेर ओढली.

कापटीवर वेल होती. तीन पानं. तिसरं पान उताणं पडलेल्या झुरळासारखं.

कापटी तिनं चिमट्यात तशीच धरून ठेवली. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "अगं, चहा थंड झाला," आणि मग जवळ येऊन त्यांनी तिच्या हातातला चिमटा काढून घेतला.

हिशोब सरळ होता. ती झुरळं तिनं काढली ती दादाच्या पाटावर बसून, दादा गेल्यावर. दादा असताना तिनं ठोकणीला हातही लावला नव्हता. म्हणजे हे होल्स्टर शिवलं गेलं तेव्हा दुकानात दोनच माणसं होती. त्यातली एक आपण, दुसरे बाबा. ते तिच्याच शेजारी बसून, किंवा ती जेवायला आत गेल्यावर, हे शिवत होते. आणि तिची कापटी उचलून आत घालत होते.

"मी थोड्या दिवसांनी सांगते," ती नोंदणीबाईला म्हणाली. "खोकं इथेच ठेवता येईल?" ते नियमात बसत नव्हतं. नोंदणीबाईनं होल्स्टर पुन्हा कागदात गुंडाळलं आणि ती निघून गेली.

तो सगळा आठवडा ताईला काम सुधरेना. सुई हातात घेतली की हात बाबांचेच टाके घालायचे. तीन उलटे, टोक आत. तिला दुसरं काही येतच नव्हतं. एकदा तिनं मुद्दाम टोक बाहेर ठेवून ठसठशीत गाठ मारली. बॅग न्यायला आलेली शिक्षिका म्हणाली, "ताई, दोरा कापायचा राहिलाय वाटतं."

"राहिलेला नाही, ठेवलाय," ताई म्हणाली, आणि शिक्षिका बिचारी गोंधळून गेली.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "तुझ्या दादाचा पत्ता आहे माझ्याकडे."

तिनं घास खाली ठेवला. "तुमच्याकडे? कुठून?"

"तिकडच्या फेरीवर असायचो ना मी. दोनदा भेटलो. तुला सांगितलं असतं तर तू मला घरात घेतलं नसतंस." तो खाली बघून भात कालवत राहिला. "माणूस चांगला आहे गं."

म्हणजे हासुद्धा. तिला वाटलं, आपण एकटीच एका खोलीत राहत होतो आणि बाकीचे सगळे भिंतीपलीकडे कुजबुजत होते.

दादाचं गाव बसनं चार तासांवर. एका शाळेत शिपाई म्हणून नोकरी करून तो निवृत्त झाला होता. खऱ्या अर्थानं पट्टेवाला तोच, हे तिच्या मनात आलं आणि हसू मात्र आलं नाही. दार वहिनीनं उघडलं. तिनं हिला कधी पाहिलं नव्हतं, तरी एका क्षणात ओळखलं, कारण नाक एकच. "या आत," ती म्हणाली. "ते मागे आहेत."

मागच्या अंगणात दादा कुंड्यांतली माती बदलत होता. केस पार पांढरे. त्यानं तिच्याकडे पाहिलं, हात झटकले, आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "बारके, जाड झालीस."

ती रडायला लागली. मग सगळं एकदम सांगून टाकलं, होल्स्टर, टाके, कापटी. तो ऐकत राहिला. मधेच एकदा म्हणाला, "झुरळ? अजून तसंच आहे?"

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"मला माहीत नसून कसं चालेल? माझ्या पाटाखाली सापडलं ते होल्स्टर त्यांनीच लपवलं होतं." तो उलट्या बादलीवर बसला. "तुला आठवतं, बाबा दोन दिवस कातडी आणायला म्हणून गेले होते, आणि काही न घेता परत आले?"

"माल चांगला नव्हता म्हणाले होते."

"कोटवाल्यांनी उचललं होतं. त्या पाटीसाठीच. दोन दिवसांनी सोडलं, ते काम घ्यायच्या कबुलीवर. पाटी मात्र तशीच राहू द्या म्हणाले, कुणाला संशय येत नाही. बाबांनी ते शिवलं याचा मला कधीच राग नव्हता गं. मीही शिवलं असतं. आईनं हात जोडले असते तर तूही शिवलं असतंस."

"मग?"

"शिंप्यानं बघितलं. एकानं आळ घेऊन जायला हवंच होतं. बाबा म्हणाले, दुकान चालवायला मी लागतो, तू तरुण आहेस, कुठेही उभा राहशील. सहा महिन्यांत सगळं निवलं की बोलावतो. मी हो म्हटलं. ते पाठीत सुरीचं वाक्य आम्ही आधी ठरवलं होतं. जरा जास्तच चांगलं म्हटलं त्यांनी."

वहिनी दारात उभी होती. तिनं हे आधी ऐकलेलं असावं, पण तीही हलली नाही.

"सहा महिन्यांचं वर्ष झालं. मग राजवट गेली. मला वाटलं, आता. तेवढ्यात सत्काराचं कळलं. मी आलो होतो. मागच्या रांगेत उभा होतो. बाबांनी मला बघितलं, बारके. सरळ डोळ्यांत बघितलं. आणि मग मानपत्राकडे वळले."

तिनं कुठलं वाक्य दोनदा वाचलं होतं ते दोघांनाही आठवत होतं.

"मला का नाही सांगितलंस?" तिनं अखेर विचारलं. "एक ओळ लिहायची होतीस."

दादानं तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "दोन पत्रं लिहिली. पहिल्यातच सगळं होतं. दोन्ही न फोडता परत आली. पाकिटावर 'घेण्यास नकार' असं लिहिलेलं. अक्षर तुझं होतं."

होतं. तिनं मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं. बाबा शेजारी बसून पट्ट्याला मेण लावत होते, आणि ती म्हणाली होती, "देऊ परत?" बाबा म्हणाले होते, "तुझं तू ठरव." इतकी मोकळीक त्यांनी तिला एरवी कधी दिली नव्हती.

परतीच्या बसमध्ये तिला बाबांचा राग आला तो त्या तीन शब्दांचा. भीतीनं शिवलं, भीतीनं पोराला काढलं, इथवर ती ओढूनताणून पोचू शकत होती. पण पत्र त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, आत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते लेकीच्या हातून परत पाठवलं. आपल्यावरच्या तिच्या मायेचाच त्यांनी असा वापर केला.

दुसऱ्या दिवशी ती संग्रहालयात गेली आणि तिनं दोन पानी जबाब लिहून दिला. काय आहे, कसं वापरायचं, कुणी शिवलं, कशावरून. दादाला कसं काढलं तेही. नोंदणीबाईनं वाचलं आणि पहिल्यांदाच वहीत खूण करायची विसरली.

"ताई, यादीत आपण 'स्थानिक कारागीर' लिहू शकतो. तेही खोटं नाही."

"खोटं नाही, पण अर्धंच," ताई म्हणाली. "नाव लिहा."

गावात व्हायचं ते झालं. शिंप्याचा मुलगा आता म्हातारा झाला होता, तो तिला बघून रस्ता बदलायला लागला. कुणीतरी तिच्या तोंडावर म्हणालं की मेलेल्या बापाची अब्रू काढायला लाज कशी वाटली नाही. काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. ड्रायव्हरसाहेब दुकानात बसून पूर्वीपेक्षा कमी बोलायला लागले. दादाला भेटल्याचं लपवलं म्हणून ती त्यांच्याशी आठ दिवस बोलली नव्हती. नवव्या दिवशी "साखर कमी पडलीय" एवढं म्हणाली, आणि त्यांनी चहा पुन्हा केला.

तिला सगळ्यात जास्त लागलं ते दादाचं. बातमी त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा त्यानं फोन केला आणि आवाज चढवला. "मी इतकी वर्षं गावापुढे तोंड शिवून बसलो ते कशासाठी? बाबांना शब्द दिला होता मी! तू मला विचारलंस?"

"त्यांनी तुला दिलेला शब्द पाळला का?"

"ते त्यांचं. माझा मी पाळत होतो." त्यानं फोन आदळला. तिला वाटलं होतं, नाव लख्ख झाल्यावर तो मोकळा होईल. उलट त्याच्याजवळ स्वतःचं म्हणून जे एक उरलं होतं, तेच तिनं न विचारता काढून घेतलं होतं. बाबांची लेक शोभली, असं तिच्या मनात आलं.

तीन महिने काहीच नाही. वहिनी मधूनमधून फोन करायची, हवापाण्याचं बोलायची, मागून दादाच्या खोकल्याचा आवाज यायचा. दालन उघडलं, शाळांच्या सहली येऊ लागल्या. मग एका दुपारी ताई पट्ट्याला भोकं पाडत असताना फोन वाजला.

"मी काल तिथं जाऊन आलो," दादा म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. "काचेत तुझा जबाब लावलाय."

"तू इथं येऊन गेलास? आणि घरी..."

"ऐक आधी. तू लिहिलंयस, मला संध्याकाळी बाहेर काढलं. चूक आहे. सकाळ होती. दुकानं उघडायची वेळ. म्हणून तर सगळी गल्ली बाहेर होती."

ताईनं आठवून पाहिलं. तिच्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं दिवेलागणच होती. पण टायपिंगचा क्लास सकाळचा असायचा, आणि त्या दिवशी तिच्या हातात वही होती.

"सकाळ होती," ती म्हणाली.

"मग दुरुस्त करून घे."

"उद्याच जाते."

"आणि बाकीचं," तो म्हणाला, जरा वेळ खोकला, "बाकीचं असू दे तसंच."

दुसऱ्या दिवशी संग्रहालय उघडायच्या आधीच ती पायरीवर जाऊन बसली होती. नोंदणीबाईनं काचेचं कुलूप काढून कागद तिच्या हातात दिला. ताईनं 'संध्याकाळी' वर एक रेघ मारली, वरती 'सकाळी' लिहिलं, आणि बाजूला सही करून तारीख घातली.

"पूर्ण पान टाइप करून लावू का?" नोंदणीबाईनं विचारलं. "खाडाखोड दिसणार नाही."

"नको," ताई म्हणाली. "दिसू दे."